निम्मा ग्रंथपाल आणि अख्खे कपाट

महाराष्ट्रातील शालेय ग्रंथालयांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आरंभी पुस्तके न मोजता कपाटे मोजावीत, हे श्रेयस्कर होय; कारण पुस्तके कपाटात असतात एवढे निःशंकपणे सांगता येते, परंतु ती कपाटाबाहेर कधी असतात, याविषयी खात्रीलायक पुरावा सहसा हाती लागत नाही. मुख्याध्यापकांच्या दालनात, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली, म्हणजे जेथे दुसरी कोणतीही वस्तू ठेवणे गैरसोयीचे ठरते अशा जागी, राखाडी रंगाचे एक पोलादी कपाट भिंतीला पाठ लावून उभे असते; त्याच्या दारावर तैलरंगाने ‘ग्रंथालय’ असे लिहिलेले असते आणि त्याच्या माथ्यावर आंतरशालेय स्पर्धांत मिळालेल्या ढाली, गतवर्षीच्या स्नेहसंमेलनातील पुठ्ठ्याचे मुकुट, गुंडाळलेला जगाचा नकाशा आणि आस निखळलेला पृथ्वीगोल अशी सामग्री विसावलेली असते. शासकीय परिभाषेत या समग्र रचनेस शालेय ग्रंथालय म्हणतात. सुस्थितीतील शाळांत कपाटाऐवजी स्वतंत्र खोली असते आणि त्या खोलीत अशी आठ-दहा कपाटे असतात. तथापि तेवढ्याने प्रश्नाचे स्वरूप पालटत नाही, केवळ किल्ल्यांचा जुडगा जड होतो.

ही अवस्था कायद्याच्या उल्लंघनातून निर्माण झाली आहे असा कोणाचा समज असल्यास तो दूर होणे आवश्यक आहे, कारण ती कायद्याच्या तंतोतंत पालनातून निर्माण झाली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि त्यास एक अनुसूची, म्हणजे प्रत्येक शाळेने पाळावयाच्या किमान निकषांचा तक्ता, जोडण्यात आली. या तक्त्यात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आहे, अडथळाविरहित प्रवेश आहे, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आहेत, क्रीडांगण आहे, कुंपण आहे. सहावी ते आठवीचा पट, म्हणजे नोंदवलेली विद्यार्थिसंख्या, शंभराच्या वर गेल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही आहेत. याच तक्त्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यातून वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके पुरविली जावीत, असेही स्पष्ट म्हटले आहे. ही पुस्तके कोणी पुरवावयाची, याविषयी मात्र तक्ता मौन पाळतो. दुपारच्या भोजनासाठी त्यात स्वयंपाकघराची तरतूद आहे आणि त्या योजनेत मानधनावर स्वयंपाकी-मदतनीसही नेमले जातात, कारण तांदूळ, डाळ आणि चूल एका खोलीत ठेवून दार ओढून घेतल्यास खिचडी आपोआप शिजत नाही, हे सर्व संबंधितांना मान्य आहे. पुस्तक, मूल आणि कपाट यांच्याबाबतीत मात्र अशी कोणतीही शंका विधिमंडळांना किंवा संसदेला कधी आलेली दिसत नाही.

अनुदानित माध्यमिक शाळांची गोष्ट थोडी निराळी, आणि म्हणून अधिक रंजक, आहे. तेथे ग्रंथपालाचे पद अस्तित्वात आहे. ते शिक्षकेतर, म्हणजे लिपिक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांच्या पंक्तीतील, गणले जाते आणि ते मिळणे वा न मिळणे सर्वस्वी पटावर अवलंबून असते. रूढ निकष असा की, पट हजाराच्या पुढे असेल तर एक पूर्णवेळ ग्रंथपाल द्यावा, पाचशे ते हजार यांच्या दरम्यान असेल तर अर्धवेळ द्यावा आणि पाचशेच्या आत असेल तर काहीच देऊ नये. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी ही अपूर्णांकांची कोष्टके घोकून घेतली जात. वर्गांतून ती हद्दपार होऊन कैक दशके लोटली, परंतु शिक्षण खात्याच्या सेवकसंचात, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या हिशेबात, निमकी अद्याप शाबूत आहे आणि तिचा जिवंत दाखला म्हणून निम्मा ग्रंथपाल राज्यभर वावरतो आहे. या निम्म्या ग्रंथपालाचे वेतन निम्मे असते. त्याच्याकडील पुस्तके, धूळ आणि जबाबदारी मात्र अख्खी असते. शिवाय या गणितात एक सूक्ष्म तत्त्वज्ञान दडलेले आहे, ते असे की लहान शाळेतील मुलाला वाचनाची गरज नसते. ती गरज पाचशेच्या आसपास अर्धवट उत्पन्न होते आणि हजाराच्या पलीकडे ती पूर्णत्वाला पोहोचते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत, जेथे मूल अक्षरे जुळवून पहिली गोष्ट स्वतः वाचते, तेथे तर ग्रंथपालाचे पदच नाही. वाचनाची गोडी सहा ते दहा या वयात लागते असे सर्व शैक्षणिक अहवाल सांगत असल्यामुळे, त्या वयात कोणी मध्ये येऊ नये अशी दक्षता घेण्यात आली असावी.

जेथे ग्रंथपाल नाही तेथे प्रभारी असतो. प्रभारी म्हणजे मूळ काम सांभाळून ज्याच्या गळ्यात दुसरे काम घातले गेले आहे असा शिक्षक होय. जूनमधील पहिल्या सभेत मुख्याध्यापक कामांचे वाटप करतात, तेव्हा क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम, शिष्यवृत्ती, वृक्षारोपण असे एकेक खाते मार्गी लागते आणि शेवटी उरलेले ग्रंथालय हे, पुस्तके बहुतांशी मराठीत असतात या न्यायाने, मराठीच्या बाईंकडे किंवा सभेला अनुपस्थित असलेल्या कोणत्याही विषयाच्या सरांकडे जाते. चार्ज घेताना त्यांच्या हाती किल्ली आणि दाखल नोंदवही, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ज्यात त्याची जन्मनोंद होते ते जाडजूड रजिस्टर, सोपविले जाते आणि ‘सर्व पुस्तके तपासून ताब्यात घेतली’ या वाक्याखाली त्यांची स्वाक्षरी घेतली जाते. ती पुस्तके तपासण्यास किमान पंधरा दिवस लागतील आणि सभा पाच मिनिटांत संपावयाची आहे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. या स्वाक्षरीच्या क्षणापासून पुस्तकाकडे पाहण्याची प्रभारींची दृष्टी कायमची बदलते. पुस्तक हरवले तर त्याची किंमत त्यांच्याकडून वसूल होऊ शकते. पुस्तक कोणीही वाचले नाही तर त्यांना कोणी काही विचारीत नाही. एका बाजूला निश्चित तोटा आणि दुसऱ्या बाजूला निश्चिंत शांतता असा हिशेब समोर असताना कोणताही विवेकी मनुष्य कुलूपच लावील. त्यामुळे कुलपाचा दोष प्रभारींच्या स्वभावावर ढकलणे अन्यायाचे आहे. नियमांनी मागितले तेच ते देतात.

या संदर्भात मध्ययुगीन युरोपातील साखळबंद ग्रंथालयांचा उल्लेख उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथील कॅथेड्रलात आजही पाहावयास मिळणाऱ्या अशा ग्रंथालयात प्रत्येक ग्रंथाच्या पुठ्ठ्याला लोखंडी साखळी जोडून तिचे दुसरे टोक फडताळाच्या गजात अडकविलेले असे. ही रीत ऐकून आधुनिक वाचक हळहळतो. परंतु साखळीची लांबी वाचकाला ग्रंथ मेजावर उघडून आरामात वाचता येईल एवढी बेतलेली असे, हे तो विसरतो. पाच-सहा शतकांपूर्वीच्या त्या ग्रंथरक्षकांना ग्रंथ चोरीला जाऊ नये असे वाटत होते, तो वाचला जाऊ नये असे वाटत नव्हते. पोलादी कपाटाने हा भेद मिटविला असून, साखळीकडून कुलपाकडे झालेल्या या प्रवासास प्रगती म्हणावे किंवा कसे, हे ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासकारांनी ठरवावयाचे आहे.

आता एखादे मूल या कपाटापर्यंत पोहोचलेच तर काय घडते ते जवळून पाहणे उचित ठरेल. मधल्या सुट्टीत सहावीतील एक मुलगी शिक्षकखोलीच्या दारात उभी राहते आणि “बाई, पुस्तक मिळेल का?” असे विचारते. बाई उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता “कोणतं?” असा प्रतिप्रश्न करतात. तो वरकरणी निरागस असला तरी वास्तविक घातक असतो, कारण कपाटात काय आहे हे मुलीला ठाऊक नसते, ते ठाऊक होण्यासाठी कपाट उघडावे लागते आणि कपाट उघडण्यासाठी पुस्तकाचे नाव सांगावे लागते. मुलगी धीर करून “भुताचं” असे म्हणते. “घटक चाचणी तोंडावर आली आहे, आधी अभ्यासाची पुस्तकं वाच,” असे सांगून बाई तिला वाटेला लावतात. त्यात कठोरपणा नसतो, गठ्ठा दुपारपर्यंत संपवावयाचा असतो. ग्रंथालयशास्त्रात या प्रसंगासाठी संदर्भसेवा नावाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. स्वतःला काय हवे हे ज्या वाचकाला नीट सांगता येत नाही त्याच्याकडून चार प्रश्नांत ते काढून घेणे आणि योग्य पुस्तक त्याच्या हाती देणे, असा तिचा अर्थ होतो. प्रशिक्षित ग्रंथपाल ‘भुताचं’ या एका शब्दावरून ओळखतो की, मुलीला भूत नको आहे, रात्री दिवा बंद करवणार नाही अशी गोष्ट हवी आहे. मग तो तिला वयाला पेलेल अशी एखादी गूढकथा काढून देतो, ती परत आली की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुढे करतो, तेथून तिला जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांकडे वळवितो आणि वर्षअखेरीस ती मुलगी आपण होऊन काहीतरी मागू लागते. या साऱ्या व्यवहाराला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही, परंतु तो शिकावा लागतो.

“पुस्तक काढून द्यायला पदवी कशाला हवी?” हा पात्रताधारक ग्रंथपालाच्या मागणीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप होय, आणि त्याचे उत्तर वर्गीकरण या शाखेत सापडते. वर्गीकरण म्हणजे पुस्तकाच्या आशयावरून त्याची फडताळातील जागा ठरविणे. अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्यूई याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत समग्र ज्ञानाचे दहा वर्ग पाडलेले असून प्रत्येक विषयास एक अंक दिलेला आहे. त्यात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ असा येतो. प्रशिक्षण नसलेला, परंतु उत्साही असा प्रभारी ही पद्धती केवळ शीर्षके वाचून अमलात आणू लागला, तर कपाटात कोणती क्रांती होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. महायुद्धाच्या उंबरठ्यावर एका बोटीवर फुलणारी विश्राम बेडेकरांची प्रेमकथा ‘रणांगण’ ही ३५५ या लष्करी शास्त्राच्या अंकाखाली कवायतीच्या पुस्तकांना खेटून बसेल. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हे ७५० या चित्रकलेच्या वर्गात जाऊन एलिमेंटरी परीक्षेच्या मुलांची घोर निराशा करील. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही ९३४ अंकाखाली प्राचीन भारताच्या इतिहासात मगध आणि अवंती यांच्या शेजारी स्थिरावेल आणि पांडुरंग सांगवीकर तेथेही उदाहरणार्थ कंटाळेल. धरणग्रस्तांच्या विस्थापनावरील विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ वनस्पतिशास्त्राकडे जाईल, आणि पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ ६३५ मध्ये, भाजीपाला लागवडीत, कांद्याच्या साठवणुकीवरील पुस्तिकेच्या संगतीत नांदू लागेल. शेवटच्या घटनेने स्वतः लेखकास आनंदच झाला असता, हे खरे. परंतु पुस्तक शोधणाऱ्या नववीतील मुलास तो होण्याची शक्यता कमी आहे. अर्थात बहुसंख्य शाळांत हा गोंधळ होत नाही, कारण तेथे पुस्तके उंचीनुसार लावलेली असतात. या पद्धतीत विश्वकोशाचे खंड तळाशी, कवितासंग्रह माथ्यावर आणि मधल्या कप्प्यात थोरांची चरित्रे येतात, आणि तपासणीस येणाऱ्या साहेबांना कपाट नीटनेटके वाटते.

हे सर्व नव्याने लक्षात आले आहे अशातला भाग नाही. माध्यमिक शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९५२-५३ मध्येच नोंदवून ठेवले आहे की, बहुसंख्य शाळांतून नाव घेण्याजोगे ग्रंथालयच नाही, पुस्तके जुनी व मुलांच्या आवडीनिवडीचा विचार न करता निवडलेली आहेत, ती अपुऱ्या आणि उदास खोलीत ठेवलेली आहेत आणि त्यांची देखरेख एखादा लिपिक किंवा पुस्तकांविषयी ना प्रेम ना माहिती असलेला उदासीन शिक्षक जोडकाम म्हणून करतो. आयोगाने यावर प्रशिक्षित ग्रंथपालाचा उपाय सुचविला होता. सात दशके उलटूनही या निदानातील एकही शब्द बदलावा लागत नाही, ही आयोगाच्या दूरदृष्टीस मिळालेली मानवंदनाच म्हटली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सर्व प्रकारच्या ग्रंथालयांत पुरेसा कर्मचारिवर्ग असावा आणि त्याच्या बढतीची व सततच्या प्रशिक्षणाची सोय असावी, असे मान्य केले. मात्र हे विधान धोरणाच्या प्रौढशिक्षणविषयक प्रकरणात आले आहे. शाळेतील मुलांनी ग्रंथपालाची वाट पाहत प्रौढ व्हावे अशी त्यामागे योजना नसावी, परंतु घडते तसेच.

प्रशिक्षणाने नेमके काय साधते, याचे उत्तम उदाहरण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्याच चरित्रात सापडते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांच्याजवळ या विषयाचे कोणतेही प्रशिक्षण नव्हते. त्या निर्जन दालनात ते थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की, मला पुन्हा वर्गावर घ्या अशी विनंती घेऊन ते आपल्या जुन्या महाविद्यालयात गेले. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, त्यानंतरही मन रमले नाही तर पाहू, असा तोडगा निघाला. लंडनहून परतलेल्या रंगनाथन यांनी पुन्हा वर्गाचे नाव काढले नाही. याचा अर्थ असा की, प्रशिक्षणाविना पुस्तकांच्या कपाटासमोर बसविले असता रंगनाथनसुद्धा पळ काढू पाहतात. मग विज्ञानाच्या सरांनी काढल्यास नवल ते कोणते? लंडनमधील एका मोठ्या दुकानात मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचे प्रात्यक्षिक पाहत असताना त्यांना आपल्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीची, म्हणजे विषयाचे सुटे पैलू जोडून त्याचा अंक तयार करण्याच्या पद्धतीची, कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हेच खेळणे एखाद्या शाळेत असते, तर ते क्रीडासाहित्याच्या कपाटात सुरक्षित राहिले असते आणि भारत एका वर्गीकरण पद्धतीस मुकला असता, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली: ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. शालेय कपाटाने पहिल्या दोन सूत्रांस बगल दिली असली, तरी उरलेल्या तिन्ही सूत्रांचे त्याने निष्ठेने पालन केले आहे. प्रत्येक ग्रंथास कसर भेटते आणि ती त्याचा मलपृष्ठापर्यंत परामर्श घेते. विद्यार्थ्याचा एक क्षणही ग्रंथालयात खर्ची पडत नाही. आणि वाढीविषयी बोलावयाचे तर वाळवीने जिन्याखालच्या भिंतीपर्यंत मजल मारलेली असते.

कपाटापेक्षा माणूस आधी हवा, हे ज्याला कळले होते असा एक मराठी राज्यकर्ता होऊन गेला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि शिकलेली मुले पुढे काय वाचणार या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. बोर्डन यांनी तीन वर्षांच्या वास्तव्यात संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याची घडी बसविली; १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला; लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव फिरविणारी फिरती ग्रंथालये याच व्यवस्थेचा भाग होती. पुस्तकांची पेटी गावी पाठविण्यापूर्वी ती उघडणारा मनुष्य तयार केला पाहिजे, हा त्यातील क्रम विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आज पुस्तके मार्चअखेरीस येतात, कारण समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या स्तरानुसार मिळणारे ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान वर्ष संपण्याच्या आत खर्च होणे अनिवार्य असते. ती उघडणाऱ्या मनुष्याचा विचार पुढील आर्थिक वर्षात होतो. गठ्ठा सोडला जातो, प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर, म्हणजे चोराला कळू नये म्हणून निवडलेल्या व शाळेतील सर्व मुलांना पाठ असलेल्या पानावर, गोल शिक्का उमटतो, दाखल क्रमांक पडतो आणि कपाटाचे दार लागते.

पात्रताधारक ग्रंथपाल असलेल्या शाळांत तरी चित्र पालटते काय, या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात शोधावे लागते. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन रुजू झालेला हा गृहस्थ शाळेतील एकमेव असा मनुष्य असतो, ज्याला कोणताही विषय शिकवावयाचा नसतो. त्यामुळे तो मोकळा आहे, असा शाळेचा दृढ समज होतो. एखादे सर रजेवर गेले की त्यांच्या ऑफ तासाला, म्हणजे शिक्षकाविना रिकाम्या पडलेल्या तासिकेला, मुलांना गप्प बसविण्यासाठी त्याला धाडले जाते. ओळखपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, बसच्या सवलतीचे दाखले आणि ऑनलाइन भरावयाच्या माहितीचे तक्ते त्याच्या मेजावर येऊन पडतात. दहावीच्या परीक्षेच्या काळात ग्रंथालयातील लांब मेजांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात, पालकसभा तेथेच भरते आणि निवडणूक आली की मतदान केंद्रही तेथेच लागते, कारण शाळेत एवढी शांत जागा दुसरी नसते. ती शांत का असते, याचा विचार करण्यास कोणास सवड नसते. पुढे इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मराठी शाळेचा पट घसरू लागला की, हाच ग्रंथपाल एके दिवशी ‘अतिरिक्त’ ठरतो, म्हणजे निकषापेक्षा जास्त आहे असे शासनाच्या लक्षात येते. ज्याला स्वतःचे काम कधी करू दिले गेले नाही, त्याला काम नाही म्हणून दुसऱ्या शाळेत पाठविण्यात येते.

वर्षातून एकदा मात्र कपाट उघडते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सतरंज्या अंथरल्या जातात, पुस्तके डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन बाहेर पडतात, मुलांना ओळीत बसवून प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत दिली जाते आणि केंद्रप्रमुखांच्या गटावर छायाचित्र जाईपर्यंत कोणीही पान उलटू नये अशी सूचना दिली जाते. एखादे मूल त्या अवधीत खरोखरच वाचू लागते आणि घंटा झाल्यावर पुस्तक सोडावयास तयार होत नाही. अशा मुलाची समजूत काढणे, हा त्या दिवसाच्या कार्यक्रमातील सर्वांत अवघड भाग असतो. तपासणीच्या आदल्या दिवशी देवघेव नोंदवही, म्हणजे कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले व परत केले याची वही, एका बैठकीत आणि एकाच शाईने पूर्ण केली जाते. त्या नोंदींवर विश्वास ठेवल्यास वर्गातील मुले हजेरीपटाच्या क्रमाने वाचन करतात असा निष्कर्ष निघतो.

उरलेला एक विषय निर्लेखनाचा होय. निरुपयोगी झालेली पुस्तके समितीची पाहणी, यादी आणि मंजुरी या मार्गाने दप्तरातून कमी करणे, यास निर्लेखन म्हणतात; कोणते पुस्तक ठेवावे याइतकेच कोणते काढावे हे ठरविणे ग्रंथपालाच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग असतो. प्रभारी हे धाडस करीत नाहीत, कारण काढलेल्या पुस्तकाबद्दल प्रश्न विचारले जातात, ठेवलेल्याबद्दल नाही. परिणामी या कपाटांत सोव्हिएत संघ अखंड आहे, भारतात २५ राज्ये आहेत आणि प्लूटो नववा ग्रह म्हणून सुखाने फिरतो आहे. याउलट, ज्या शाळेत एखादा जिद्दी ग्रंथपाल मधल्या सुट्टीत दार सताड उघडे ठेवतो, पुस्तके घरी नेऊ देतो आणि रांग लावून घेतो, तेथे वार्षिक पडताळणीच्या वेळी, म्हणजे नोंदवहीतील प्रत्येक पुस्तक प्रत्यक्ष ताडून पाहताना, चमत्कारिक दृश्य दिसते: काही पुस्तकांची पाठ सुटलेली असते, काहींवर आमटीचे डाग असतात, दोन-चार कायमची कोणाच्या तरी घरी राहिलेली असतात आणि गोष्टींच्या कप्प्यातील बहुतेक प्रती नव्याने बांधून घेण्याच्या लायकीच्या झालेल्या असतात. शेजारच्या शाळेतील पुस्तके तीस वर्षे कोरी राहिली असताना याच शाळेतील पुस्तकांची अशी दुर्दशा का व्हावी, असा प्रश्न पडताळणी अधिकाऱ्यास पडणे स्वाभाविक असते. मग ग्रंथपालाकडून लेखी खुलासा मागविला जातो. पुस्तके विद्यार्थ्यांनी वाचल्यामुळे फाटली आहेत, असे तो प्रामाणिकपणे लिहून देतो. आणि खुलासा अमान्य करण्याजोगा नसल्याने, यापुढे असा प्रकार घडणार नाही याची संबंधितांनी दक्षता घ्यावी, असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल केले जाते.